करंगळीला तेल लागेपर्यंत

१७ ऑगस्ट

पोहण्याच्या तलावावर तापमान लिहायच्या वह्यांतली एक कोरी वही उरली होती, ती घरी आणली. पंधरा वर्षं रोज पाण्याचे आकडे लिहून हाताला सवय लागली आहे. काही घडलं की लिहावंसं वाटतं. आणि आज घडलं.

माझ्या नवऱ्याचं, केतिलचं, गळ्याखालचं हाड मोडलं. गावात सांगायचं ते असं, की गवताच्या कोठारात शिडीवरून पाय घसरला. खरं असं, की नातवंडं काल गेली, आज वारा सुटणार होता, म्हणून तो ट्रॅम्पोलिन दोरीने बांधायला बाहेर गेला. आणि बांधण्याआधी त्याने इकडेतिकडे बघून दोन उड्या मारल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसल्या. छान होत्या. तिसरी मी बघितली नाही, फक्त ऐकली.

डॉक्टर म्हणाली, सहा आठवडे हात झोळीत. गाडी चालवायची नाही, धक्के खायचे नाहीत.

"सहा आठवडे?" केतिल म्हणाला. "तीन आठवड्यांनी मेंढ्या उतरवायच्यात!"

"मेंढ्यांना चार पाय आहेत," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही घरी बसा."

मेंढ्या डोंगरावरून उतरवणाऱ्या मोहिमेची स्वयंपाकाची जीप बावीस वर्षं तो चालवतोय, आणि बावीस वर्षं मी शेजारी बसतेय, मांडीवर सूपाचं पातेलं धरून.

१९ ऑगस्ट

स्टेनवोरचा फोन. मेंढ्या उतरवणाऱ्यांची म्होरकी म्हणजे आमच्या खोऱ्यातला डोंगरराजा. पहिल्यांदाच बाई निवडून आली तेव्हा राजा म्हणायचं की राणी, यावर तलावाशेजारच्या गरम कुंडात बसून लोकांनी महिनाभर वाद घातला. तीच म्हणाली, राजाच म्हणा, पगार दोन्हीचा सारखाच आहे, शून्य.

"हालबेरा, शिडीचं ऐकलं," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून वाटलं की उड्यांचंही ऐकलंय. "काळजी करू नका. तुमच्या शेजारच्या हेर्मुंदुरचा जावई राजधानीहून येतोय. त्याची मोठी नवी गाडी आहे. तो जेवण वर नेईल, त्याची बायको रांधेल."

"काय रांधेल?"

"पास्ता म्हणाली. आणि पाकिटातलं सूप."

चौदा माणसं. दिवसभर घोड्यावर आणि पायी, बोटं गारठलेली. पाकिटातलं सूप. माझ्या तोंडून निघून गेलं, "जीप मी चालवते."

टेबलाशी केतिल चमचा हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"बरं," स्टेनवोर शेवटी म्हणाली. "पण एक सांगते. मागल्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातल्या जीपच्या गिअरमधलं तेल संपलं, वर डोंगरात सगळं जाम झालं, आणि अकरा माणसांनी दोन दिवस सुकी मासळी चघळली. तुमच्या जीपची चारही तेलं तपासलेली हवीत. मी स्वतः येऊन बघणार."

"ते केतिल दर वर्षी बघतोच," मी म्हणाले.

केतिल खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर काही नव्हतं.

मी हे सगळं फक्त सूपासाठी करतेय. चालवायची हौस वगैरे मला नाही. छोट्या गाडीतून तलावावर जाते आणि येते, तेवढं मला पुरतं.

२१ ऑगस्ट

केतिल सकाळी म्हणाला, "आपण जीप शहरात घेऊन जाऊ या. तू चालव. सरावही होईल, आणि मी केस कापून येतो."

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी तो केस कापायला जीप घेऊन शहरात जातो. सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. डोक्यावर उरलेत किती, आणि वेळ लागतो किती! मी म्हटलं, "केस मीच कापते. एक दिवस कशाला घालवायचा? तेलं आपण घरीच बघू, तू बघतोस तशी. तू सांग, मी खाली शिरते."

"घरीच," तो म्हणाला. "हो. घरीच."

बिचाऱ्याला शहराची हौस होती वाटतं. संध्याकाळी वाडगा ठेवल्यासारखे केस कापले त्याचे. एका हाताने आरसा धरून त्याने बराच वेळ स्वतःकडे बघितलं.

२४ ऑगस्ट

आजचा दिवस लिहूच नये असं वाटतंय, पण लिहिते.

मेंढ्यांच्या गोठ्यासमोर सिमेंटची फरशी आहे, अंगणात तेवढीच जागा सपाट. गाडी कलती असेल तर तेलही कलतं आणि खोटं सांगतं, हे मला केतिलने सांगितलं. तसं सांगताना त्याच्या मांडीवर वर्तमानपत्र उघडं होतं. जीप तिथे लावली, चाकांना दगड लावले, रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी गोधडी पसरली आणि तिच्यावर पाठ टेकून खाली सरकले. केतिल स्वयंपाकघरातली खुर्ची आणून बसला, एक हात झोळीत, दुसऱ्यात वर्तमानपत्र.

"मागचा गोळा दिसतोय," मी खालून म्हणाले. दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटात दाते फिरतात. "बूच कुठलं?"

वर्तमानपत्राची सळसळ. "ते बाजूला असतं."

"दोन आहेत. एक बाजूला, एक खाली."

सळसळ. "तुला बघितल्यावर कळेल."

"मला बघून कळत नाहीये, केतिल! तू पेपर खाली ठेवशील का?"

"महत्त्वाची बातमी आहे," तो म्हणाला.

मी चिडले आणि जे सहज फिरलं ते बूच फिरवलं. खालचं. आधी एक थेंब, मग दोरीसारखी काळी धार, बाहीत, कोपरात, कानामागे. सगळं तेल बाहेर. वास मात्र ओळखीचा वाटला. थोडा आमच्या नळाला जमिनीखालून येणाऱ्या गरम पाण्यासारखा, गंधकाचा. केतिल केस कापून आला की त्याच्या जॅकेटला असाच वास असतो. त्या न्हाव्याने आता डोक्याला लावायचं तेल बदलावं.

बरं, सांडलं तर सांडलं, नवीन भरू म्हटलं. वरच्या, बाजूच्या बुचाला पाना लावला. हलेना. जोर लावला. पाना सटकला, माझी बोटं सोलली, आणि बुचाचे कोपरे गुळगुळीत झाले. म्हणजे आता गोळ्यात तेल नाही, आणि घालायला वाट नाही.

"आता?" मी बाहेर येऊन विचारलं. तोंड काळं, केसांतून तेल.

केतिलने पेपरचं पान उलटलं. "असं होतं कधी कधी," तो म्हणाला.

मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. खरं लिहायचं तर जेवणानंतरही. बावीस वर्षं करतोय, आणि धड दोन वाक्यांत सांगता येत नाही! त्याला मी जायलाच नको आहे, दुसरं काय.

२५ ऑगस्ट

मोठ्या तलावाचं पाणी २९, गरम कुंडाचं ३९. कुंडात नेहमीची मंडळी. मी काठाला फरशी पुसत होते. माझ्या मानेवर काळा डाग राहिला होता, तो हेर्मुंदुरने बघितला. हेर्मुंदुर शेजारच्या शेताचा मालक, सत्तर वर्षांचा, आणि पाण्यात बसला की त्याचं पोट बेटासारखं वर येतं.

"शिडीवरून तू पण पडलीस का?" तो म्हणाला, आणि कुंडातले सगळे एकदम पाण्याकडे बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

मी खरं सांगून टाकलं. खालचं आधी उघडलं हे ऐकून हेर्मुंदुर असा हसला की पाणी काठावरून सांडलं.

"अगं, भरायचं बूच आधी! नेहमी! ते उघडलं तरच खालच्याला हात लावायचा. वरचं अडकलं, तर निदान जुनं तेल तरी आत राहतं. हे केतिलने सांगितलं नाही?"

"त्याला औषधं चालू आहेत," मी म्हणाले.

"हं," हेर्मुंदुर म्हणाला, आणि डोळे मिटून पाण्यात हनुवटीपर्यंत गेला. त्याला हसू कशाचं येत होतं ते कळलं नाही.

दुपारी तो गॅसचा दिवा, हातोडा आणि सहा कोनांचा जाड पाना घेऊन आला. बुचाभोवतीचं लोखंड दिव्याने तापवायचं, म्हणजे ते किंचित फुगतं आणि बुचाला सोडतं. मग पाना हातोड्याने ठोकून बुचावर बसवायचा, गुळगुळीत कोपऱ्यांवरही घट्ट बसेल असा. हेर्मुंदुर गोधडीवर आडवा होऊ लागला.

"दे तो पाना इकडे," मी म्हणाले.

"तुझ्याने नाही व्हायचं."

"तुझं पोट मावेल का खाली?"

केतिल खुर्चीत खो खो हसला, मग खांदा दुखला म्हणून कण्हला, मग पुन्हा हसला. मी खाली शिरले. ठोकला, पकडला, पाय चाकाला टेकवून ओढला. काही नाही. पुन्हा तापवला. पुन्हा ओढला. आणि मग 'कट्' असा लहानसा आवाज आला. आमच्या थोरलीचं पहिलं रडणं ऐकलं होतं त्यानंतर इतका गोड आवाज ऐकल्याचं आठवत नाही.

केतिलला टाळी वाजवता येत नाही, म्हणून त्याने मांडीवर थापा मारल्या. हेर्मुंदुर म्हणाला, "कोपरे गेलेलं बूच पुन्हा लावू नकोस. माझ्याकडे तसंच एक पडलंय, आणतो."

बोटं अजून दुखतायत. फार मजा आली.

२७ ऑगस्ट

दुकानात तेल आणायला गेले तर पोरगी विचारते, जीपच्या कुठल्या भागासाठी? मी म्हटलं, चारही. ती म्हणाली, गोळ्यांना एक तेल आणि गिअरबॉक्सला दुसरं. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात, गोळ्याचं जहाल तेल त्या खाऊन टाकतं. घरी फोन केला. केतिल म्हणाला, "तेल ते तेल." मी पोरीचं ऐकलं. तिने दोन डबे गोळ्यांच्या तेलाचे पुरतील म्हणून सांगितलं, मी चार घेतले.

घरी येऊन जीपची जुनी पुस्तिका शोधली. खणात नाही, गाडीत नाही. शेवटी केतिलच्या वर्तमानपत्राची घडी उचलली तर तिच्यातून खाली पडली. तिथे कशी गेली कोण जाणे. केतिललाही आश्चर्य वाटलं. त्याचे कान लाल झाले होते, ताप तर नाही ना म्हणून मी कपाळाला हात लावून बघितला.

मग आम्ही टेबलाशी बसून ती पुस्तिका वाचली. चष्मा एकच सापडला, त्यामुळे मी वाचायची आणि तो चित्रावर बोट ठेवायचा. पुढचा गोळा, मागचा गोळा, गिअरबॉक्स, आणि त्याच्या मागची लहान पेटी, जी पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटून देते. चार पोटं. प्रत्येकाच्या बाजूला एक भोक, आणि नियम एकच: तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं, ना कमी ना जास्त. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं पुस्तक कधी वाचलं होतं? आठवत नाही. कॉफी गार झाली तरी उठलो नाही.

"हे किती साधं आहे," केतिल म्हणाला, जणू पहिल्यांदाच बघत होता.

"तुला साधं वाटणारच," मी म्हणाले.

दुपारी भरलं. आधी बुचाभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पुसायची, नाहीतर ती आत पडते. तेल जाड, थंडीत मधासारखं, ओतून जात नाही. पिचकारीने ओढायचं आणि भोकातून आत सोडायचं. मग करंगळी आत घालायची आणि वाकवायची. पहिल्यांदा कोरडी. पुन्हा पिचकारी. पुन्हा कोरडी. सहाव्यांदा नखाला काहीतरी गार लागलं, आणि पाठोपाठ भोकाच्या काठावरून एक बारीक धार माझ्या मनगटावर उतरली.

"लागलं!" मी ओरडले.

"काय लागलं? कुठे?" केतिल घाबरून खुर्चीवरून उठला.

"तेल लागलं रे!"

बाकीच्या तिन्हींत करंगळी पहिल्याच झटक्याला ओली. त्यांत कसलीच कमी नव्हती. केतिल गाडीची किती काळजी घेतो ते यावरून दिसतं. त्या दिवशी मी उगाच रागावले.

३१ ऑगस्ट

जीप चालवायला शिकतेय. इथे मात्र केतिल राजा आहे, मान्य करते. नदीकाठी जीप थांबवायला लावली आणि दहा मिनिटं नुसतं पाणी बघायला लावलं.

"कुठून जाशील?"

मी शांत, सपाट पाणी दाखवलं.

"बुडशील. सपाट तिथे खोल. खळखळतंय ना, तिथे दगड वर आलेत, तिथे उथळ. आत शिरलीस की प्रवाहाच्या बाजूला थोडं तिरकं जायचं, पाण्याशी भांडायचं नाही. आणि मध्ये थांबायचं नाही, काही झालं तरी."

वर्तमानपत्र नाही, सळसळ नाही, एकेक शब्द स्वच्छ. पहिल्यांदा नदी ओलांडली तेव्हा पाण्याचा पंखा दोन्ही बाजूंना उडाला आणि माझ्या तोंडून एक शिटी निघाली. मला शिटी येते हे मला माहीत नव्हतं. एकदा पुरे होतं, पण चाकांचा अंदाज यावा म्हणून मी आठ वेळा ओलांडली.

परत येताना केतिल म्हणाला, "तू वर गेल्यावर मी काय करू?"

"आराम," मी म्हणाले.

मग घरापर्यंत तो झोळीची गाठ चाचपत राहिला. धक्क्यांनी खांदा दुखला असणार.

४ सप्टेंबर

स्टेनवोर आली. हात धुतले, बाह्या सरसावल्या, आणि खरंच गोधडीवर आडवी झाली. मी एकेक बूच उघडत गेले, ती एकेकात करंगळी घालत गेली. चार वेळा. मग बाहेर येऊन फडक्याला बोटं पुसली.

"कोणी केलं?"

"मी नुसतं..." मी म्हणायला लागले.

"तिने," केतिल म्हणाला. "सगळं तिने."

"आणि सांगितलं केतिलने," मी म्हणाले. खरं ते खरं.

स्टेनवोरने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पास्ता नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

जाताना केतिल तिला फाटकापर्यंत पोचवायला गेला. बराच वेळ काहीतरी विचारत होता, ती मान हलवत होती, नाही नाही अशी. दोन-तीनदा आपल्या गळ्याखाली बोट लावून दाखवलं तिने. परत आला तेव्हा त्याने कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे घातले.

संध्याकाळी दाराशी त्याची पिशवी दिसली. आत लोकरीच्या चड्ड्या, जाड मोजे, विजेरी, पत्त्यांचा जोड. धुवायला काढलं असणार, पण पत्ते कशाला? चड्ड्या आणि मोजे धुऊन टाकले. दोरीवर वाळत घातलेले बघून तो म्हणाला, "चांगलं केलंस," आणि आत गेला.

६ सप्टेंबर

निघायचा दिवस, म्हणून थोडंच. कोकराचं मटण तीस किलो, बटाटे, सलगम, गाजरं, धुरावलेलं मटण, चपट्या भाकऱ्या, रूबार्बच्या आंबट देठांचा जॅम, कॉफी देवाला माहीत किती. तेलाचे उरलेले डबे आणि पिचकारी सीटखाली. केतिलने एका हाताने सगळे दोर पुन्हा आवळले, जे मी आवळले होते तेच.

"वर पोचलीस की फोन कर."

"रेंज नसते."

"टेकडीवर चढ. तिथे असते."

आरशात तो अंगणात उभा दिसत होता. वळणापर्यंत उभा होता. कोंबड्या आत घ्यायच्या होत्या वाटतं.

८ सप्टेंबर

काल लिहायला बोटं वळत नव्हती. आज दोन्ही दिवसांचं लिहिते.

काल दुपारी दगडी नदी. पावसाने चढलेली, राखाडी, दरवाजाच्या निम्म्यापर्यंत पाणी. स्टेनवोर घोड्यावरून आधी जाऊन आली आणि म्हणाली, तुम्ही बघा, तुम्ही ठरवा. मी दहा मिनिटं बघितलं. खळखळ दूर खाली होती, तिथे गेले. मध्यावर एक चाक दगडावरून घसरलं, जीप कलली, पातेली मागे खणखणली, आणि मला वाटलं आता चौदा माणसांचं सूप समुद्राला जाणार. थांबले नाही. पलीकडे चढले तेव्हा माणसं टोप्या उडवत होती. मला वाटलं, कोणीतरी हरवलेली मेंढी सापडली.

आज पहाटे, लापशी चढवण्याआधी, सवयीने खाली शिरले. कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या गोळ्याचं बूच उघडलं, आणि करंगळी बाहेर काढली तर तिच्यावर काळं तेल नाही, दूध घातलेली कॉफी. पाणी शिरलंय. गोळ्याच्या वर श्वास घ्यायची एक बारीक नळी असते, ती दगडाच्या धक्क्याने निसटली होती. गरम गोळा गार पाण्यात बुडाला, त्याने श्वास ओढला, आणि नदी प्यायला.

टेकडीवर चढले, फोन लागला. पहिल्याच घंटीला उचलला. पहाटे सहाला! उशाशी घेऊन झोपला होता की काय.

"केतिल, मागचं तेल दुधाळ झालंय. काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"नळी परत बसवायची. हे सगळं काढून टाकायचं, नवीन भरायचं. डबे आहेत माझ्याकडे."

"मग मला कशाला विचारतेस?"

मला वाईटच वाटलं. इतक्या लांबून फोन केला, आणि हा असा तुटकपणा! मी ठेवणार होते, तर म्हणाला, "थांब, ठेवू नकोस. वर हवा कशी आहे? उतारावर धुकं आहे का? मंडळी उठली का? हालबेरा, सगळं सांग."

मी म्हटलं, बॅटरी संपेल, आणि ठेवला.

भरायचं बूच उघडंच होतं, मग खालचं. दुधाळ तेल भांडी घासायच्या टपात घेतलं आणि रिकाम्या डब्यात भरलं. डोंगरावर एक थेंब सांडू दिला नाही. चौदा माणसं घोंगड्या पांघरून गोल उभी राहिली. कोणी विजेरी धरली, कोणी फडकं दिलं. हेर्मुंदुरच्या जावयाने, तो पायी आला होता, विचारलं की हे कुठे शिकवतात. हेर्मुंदुर म्हणाला, "त्यांच्या अंगणात. खुर्ची आणि पेपर लागतो." आणि एकटाच हसत सुटला.

नळी बसवली, तारेने आवळली. पिचकारी, करंगळी, पिचकारी, करंगळी. ओली. अर्ध्या तासाने गाडी पुढेमागे करून पुन्हा बघितलं: स्वच्छ, मधासारखं. तोवर लापशी स्टेनवोरने केली होती. जळकी. सगळ्यांनी दोनदा घेतली.

संध्याकाळी सूप. फक्त चमच्यांचा आवाज. मग गाणी. उतारावर मेंढ्या खाली येताना दिसतात, पांढऱ्या, काळ्या, तपकिरी, एकामागे एक, आणि त्यांच्यामागे आपली माणसं. दर वर्षी बघते. या वर्षी केतिलच्या बाजूच्या काचेतून, आणि हात स्टिअरिंगवर. वेगळंच दिसतं. मला शिटी वाजवायची सवय लागली आहे, ती घरी गेल्यावर सोडायला हवी.

१० सप्टेंबर

आज वाटणीचा दिवस. दगडी कुंपणाच्या मोठ्या वर्तुळात तीन हजार मेंढ्या, आणि खोऱ्यातला प्रत्येक जण आपापल्या खुणेची मेंढी शिंगाला धरून आपल्या कप्प्यात ओढतोय. पोरं ओरडतायत, म्हातारी माणसं कुंपणावर बसून पोरांना शिकवतायत, बाटल्या हातोहात फिरतायत. मी जीप फाटकाशी लावली, उतरले आणि गुडघे सरळ होईनात.

केतिल शाळेच्या बसने आला होता. हाताखाली मोठा डबा. मी वर होते तेव्हा त्याने एका हाताने क्लेनुर, म्हणजे कॉफीबरोबर खायचे गोड पिळे, तळले होते. मैद्याच्या पट्टीला मध्ये चीर पाडून तिच्यातून टोक ओढून काढायचं असतं, ते एका हाताने जमलं नव्हतं. काहींना गाठी पडल्या होत्या, काही बोटासारखे, एक अगदी कानासारखा.

"सगळं ऐकलं," तो म्हणाला. "दोन वेळा. स्टेनवोरने एकदा, जावयाने एकदा. आता तू सांग."

"तुला माहीतच आहे."

"तरी सांग."

मी सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. नळी तारेने आवळली तिथे पोचले तेव्हा त्याने चांगला हात पुढे केला आणि माझी काळी करंगळी धरून ठेवली. वाटलं, चक्कर आली असेल. सकाळपासून काही खाल्लं नसणार, सगळे क्लेनुर डब्यातच होते.

दुपारी काम संपत आलं तेव्हा स्टेनवोर कॉफी घेऊन आमच्यापाशी आली. तिच्यामागून हेर्मुंदुर, जावई, मोहिमेतली आणखी पाच-सहा जण. सगळ्यांनी गाठीगाठींचे क्लेनुर खाल्ले, कोणी हसलं नाही, फक्त हेर्मुंदुरने कान उचलला, आपल्या कानाशेजारी धरून बघितला आणि मग खाल्ला.

"पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवून टाकू," स्टेनवोर म्हणाली. "केतिल, तोवर तुमचं हाड जुळलं असेल. जीप तुमच्याकडेच ना?"

केतिलने कॉफीचा घोट घेतला. सावकाश. मग कप खाली ठेवला.

"मी बटाटे सोलीन," तो म्हणाला. "सलगमही. सूप तिने शिकवलं तर तेही करीन. शेजारी बसून पातेलं धरता येतं मला. पण जीपचं मला विचारू नका. ते ड्रायव्हरला विचारा."

एकदम सगळ्यांची तोंडं माझ्या बाजूला वळली. कोण आलंय ते बघायला मीही मागे वळले. मागे फक्त दगडी कुंपण होतं, आणि त्याच्यावर कोणी बसलेलं नव्हतं.